झिऱ्याच्या खालच्या अंगाला

माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात. घरामागच्या विहिरीला पाणी भरपूर, पण त्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही आणि न्हाल्यावर केस काथ्यासारखे व्हायचे. प्यायचं पाणी वेगळं. ते दुरून बैलगाडीवरच्या टाकीतून यायचं आणि आई ते माजघरात तांब्याच्या गुंडात झाकून ठेवायची. त्याला आम्ही गोड पाणी म्हणायचो. गोड म्हणजे साखरेचं नव्हे, ज्याने तहान भागते ते. त्या गुंडात हात घालायची आम्हा पोरांना मुभा नव्हती. पावसाळ्यानंतर मुलगे पूर्णेच्या डोहात उड्या मारायला जायचे आणि आम्ही मुली काठावर धुणी धुवायचो. मी पोहायला शिकले ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, अकोल्यातल्या तरणतलावात, बायकांच्या तुकडीत.

म्हणून गेल्या फाल्गुनात ओळखीच्या काही निसर्गवेड्या मंडळींनी मेळघाटातली चार दिवसांची सहल आखली, तेव्हा मी लगेच नाव दिलं. जंगलाची ओळख, तंबूत मुक्काम, सोबत कोरकू गाईड आणि डोहात पोहणं, असा बेत होता. आम्ही बारा जण होतो, त्यात पाच बायका. सर्वांत लहान मुलगा अकरा वर्षांचा, सर्वांत मोठे एक निवृत्त मास्तर.

अकोल्याहून अकोटकडे निघालं की गांधीग्रामला पूर्णा लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे हजारो कावडधारी इथूनच पाणी भरतात आणि अनवाणी चालत जाऊन शहरातल्या राजराजेश्वराला घालतात. ही पूर्णा उगम पावते ती बैतूल जिल्ह्यातल्या भैंसदेही भागात, सातपुड्यातच. तिथे तिच्या खोऱ्यात खारेपणाचं नाव नाही. मैदानात उतरल्यावर मात्र तिच्या दोन्ही अंगांना गाळाच्या मातीचा फार खोल थर आहे. त्या मातीत क्षार साचलेले आहेत आणि पाण्याचा निचरा होत नाही, त्यामुळे जमिनीखालचं पाणी खारट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं या पट्ट्यात येतात. आता बोअर पाडून खोल गेलं तरी खारंच लागतं. या पाण्यापायी मूत्रपिंडाचे आजार जडल्याच्या तक्रारी माझ्या माहेरच्या गल्लीतही आहेत.

अकोट ओलांडलं की समोर उत्तरेला डोंगराची निळी भिंत उभी राहते. तो गाविलगडचा डोंगर, सातपुड्याचीच दक्षिणेकडची रांग. या रांगेने पाणी दोन्हीकडे वाटून दिलं आहे. दक्षिण उतारावरच्या वान, शहानूर, चंद्रभागा आमच्या पूर्णेला मिळतात. उत्तरेकडच्या खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार तापीला जातात. तापी आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवला एक होतात. म्हणजे एकाच माथ्यावर पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या वाटांनी निघून चांगदेवला भेटतात. शाळेत पाठ केलेल्या उपनद्यांच्या यादीत एवढं काही दडलं होतं, हे मला गाडीच्या काचेतून तो डोंगर बघताना उमगलं.

पहिला मुक्काम शहानूरला, नरनाळ्याच्या पायथ्याशी. नरनाळा अभयारण्य जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटरचं आहे, पण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं आहे, म्हणून फाटकावर नोंद करूनच आत जावं लागतं. आमचा गाईड तिथेच भेटला. तिशीतला, सडसडीत, कमी बोलणारा. घरी कोरकू, आमच्याशी वऱ्हाडी आणि ड्रायव्हरशी हिंदी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं नातं थेट झारखंडातल्या संथाली-मुंडारीशी आहे आणि त्या कुळातली ती सर्वांत पश्चिमेकडची. त्याने पहिल्या संध्याकाळी आम्हाला तीनच शब्द शिकवले. डा म्हणजे पाणी, गाडा म्हणजे नदी, कुला म्हणजे वाघ. "तिन्ही एकाच जागी भेटतेत," तो म्हणाला, "म्हनून तिन्ही आंधी शिकून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडावर गेलो. नरनाळा समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरांहून उंच आहे. अहमदशहा बहमनीने पंधराव्या शतकात त्याची डागडुजी केली, आणि इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ मध्ये महाकाली दरवाजा उभारला. त्या दरवाजावरचं कोरीव काम आणि अक्षरं बघायला वेगळा दिवस काढावा, इतकी ती देखणी आहेत. पण मला गडावरची तळी बघायची होती. वीसेक तळी आहेत, काही कोरडी, काही गाळाने भरलेली. शक्कर तलावात मात्र त्या दिवशीही पाणी होतं आणि त्यात आभाळ अख्खं उतरलं होतं. काळ्या कातळाच्या डोंगरावर शिबंदी, घोडी, हत्ती बाळगायचे तर आधी पाऊस अडवायला हवा, हे ज्यांना कळलं होतं त्यांनी हा गड राखला. बेसॉल्टचा हा डोंगर पाणी धरून ठेवत नाही. चार महिने कोसळतो, तो पाऊस भराभर उतरून जातो. थांबतं ते फक्त जिथे कोणी बांध घातला किंवा नदीने स्वतः खड्डा कोरला तिथे.

अकरा वर्षांच्या आमच्या छोट्याला तळं दिसताच पोहायचं होतं. गाईडने त्याला हाताला धरून काठाशी नेलं आणि चिखल दाखवला. त्यात दोन बोटांएवढे टोकदार खुरांचे ठसे, त्याच्या बाजूला गोल गादीसारखे. "हे सांबर. हे बिबट. रातीच पानी पिऊन गेले. दिवसा तू त्याच्यात साबन कालवला तं रातच्याले थे काय पितीन?" पोरगा गप्प झाला. आम्हीही झालो. आमच्यातल्या दोघींनी पिशवीतून काढलेला उन्हाचा मलम तसाच परत आत ठेवला.

पायथ्याशी परतताना गाईडने सांगितलं की, त्याच्या आजोळचं गाव आता जंगलात नाही. मेळघाटातून मैदानात आणून वसवलेल्या पहिल्या गावांत बोरी, कोहा आणि कुंड ही तीन होती. या शतकाच्या सुरुवातीला ती अकोटच्या बाजूला खाली आली. त्यांच्यामागे आणखी कितीतरी आली. गावाचं नावच कुंड! नदीच्या खड्ड्यात पाणी टिकतं म्हणून माणसं तिथे राहिली आणि पाण्याचंच नाव गावाला दिलं. आज ते नाव मैदानातल्या वस्तीला चिकटलेलं आहे. वाघाला मोकळी जागा हवी, हे मला पटतं. डोंगरातून उठलेल्या माणसांना खाली जमीन, दवाखाना, काम वेळेवर मिळालं का, हा प्रश्न मात्र तितकाच खरा आहे आणि तो विचारल्यावाचून या जंगलात फिरू नये असं मला वाटतं.

तिथून अंजनगाव सुर्जी, परतवाडा करून घटांगच्या वळणांनी वर चढलो. सागाची पानं गळून गेली होती, उतार भुरे दिसत होते आणि त्यात मधेच पळस पेटलेला. सेमाडोहला सिपना नदी भेटली. गावाच्या नावातच डोह आहे. सिपना हा कोरकूत सागाला शब्द, म्हणजे ही सागाची नदी. फाल्गुनात तिची धार इतकी बारीक होते की मुलं उडी मारून पलीकडे जातील. पण जिथे पात्र वळतं, जिथे पावसाळ्यातला लोंढा वर्षानुवर्षं एकाच कातळावर आपटतो, तिथे खोल हिरवं पाणी थांबलेलं असतं. नदी उन्हाळ्यात मरत नाही. ती डोहाडोहांत वाटली जाते आणि वाळूखालून एका डोहातून दुसऱ्यात हळूहळू झिरपत राहते. उन्हाळ्याच्या त्या महिन्यांत सगळं जंगल डोहांभोवती राहतं. म्हणूनच वन विभाग बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांशेजारच्या मचाणांवर माणसं बसवतो. चांदणं असतं, पाणी कमी असतं आणि प्रत्येक जनावराला तिथे यावंच लागतं.

मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. गाभा क्षेत्रात ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून खाली उतरायचीही परवानगी नाही, मग नदीत उतरणं दूरच. कोलकासला नदीच्या वळणावर उंचावरून सिपना दिसते तेव्हा हा नियम पाळणं जड जातं, हे मी कबूल करते. पण नियमामागचं एक कारण कळलं की मोह आपोआप ओसरतो. या नद्यांमधून मगरी नाहीशा झाल्या होत्या. मार्च १९९० आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्या मुद्दाम परत आणून सोडल्या गेल्या, ढाकण्याजवळ गडगा नदीच्या सिद्धूकुंडात आणि डोलार नदीच्या हत्तीकुंडात. ज्या डोहात पाणी बारमाही आणि खोल, तोच मगरीलाही हवा असतो. आपल्याला जो डोह सर्वांत सुंदर वाटतो त्यात न उतरणंच शहाणपणाचं. गाईडचा नियम एका वाक्याचा होता, "जिथं गावची पोरं रोज पोहतेत, तिथंच आपन पोहाचं. जिथं पोरं जात नाहीत, तिथं काऊन जात नाहीत थे आंधी पुसाचं."

तशी जागा हरिसालच्या पुढे, धारणीच्या वाटेवर, बफर क्षेत्रातल्या एका गावात होती. गावाचं नाव मी देत नाही. गावकऱ्यांनीच तसं सांगितलं. आदल्या वर्षी एक टोळकं मोबाइलवरचे फोटो बघून तिथे आलं, रात्रभर गाणी वाजवली आणि जाताना बाटल्या डोहात फोडून गेलं. एका गुराख्याच्या मुलाचा तळवा त्या काचेने फाटला. तेव्हापासून गाव अनोळखी गाड्यांना परतवून लावतं. आम्हाला मुक्काम मिळाला तो गाईडच्या शब्दावर, एका शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या हरभऱ्याच्या शेतात. तिथे सहा तंबू लागले. स्वयंपाक गावातल्या तीन बायकांकडे होता आणि त्यांचा मोबदला आधीच ठरवून त्यांच्याच हातात दिला गेला. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी, कुटकीचा भात. बातम्यांमधून आपल्याला मेळघाट फक्त कुपोषणाच्या आकड्यांत भेटतो. त्या अंगणात बसून जेवताना ताटात वाढणारा हातही दिसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोहावर गेलो. सकाळी म्हणजे ऊन चांगलं वर आल्यावर. पहाट आणि तिन्हीसांज जनावरांची. नाला लहानच, पुढे सिपनेला मिळणारा, गावात त्याला नुसतं गाडा म्हणतात. काठावर अर्जुनाची झाडं आणि मध्ये काळ्या खडकाच्या पायऱ्या.

पाण्याच्या वरच्या अंगाला, वाळूत, एक बाई वाकून बसली होती. तिच्यासमोर हातभर खोल खड्डा होता. ती नारळाच्या करवंटीने त्यातलं पाणी हळूच काढून हंड्यात ओतत होती. खड्ड्यात पाणी पुन्हा भरेस्तोवर थांबायचं, मग पुन्हा करवंटी. अगदी शेजारी एवढा मोठा डोह भरलेला असताना! मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मला न विचारता करवंटी पुढे केली. पाणी गार होतं, स्वच्छ होतं आणि गोड होतं. आमच्या माजघरातल्या गुंडाची चव मला पन्नाशीत त्या वाळूच्या खड्ड्याशी सापडली.

याला झिरा म्हणतात. डोहातलं पाणी उघडं असतं. त्यात पानं कुजतात, गुरं उतरतात, माणसं न्हातात. तेच पाणी काठच्या वाळूतून हातभर झिरपून आलं की गाळून निघतं. रोज सकाळी पहिलं साचलेलं पाणी उपसून टाकायचं, खड्ड्याच्या कडा साफ करायच्या आणि मग भरायचं. काम झालं की वर पळसाची पानं ठेवून त्यावर दगड ठेवायचा, म्हणजे कुत्री-डुकरं तोंड घालत नाहीत. अशा गाळलेल्या पाण्यातही अदृश्य जंतू उरू शकतात, म्हणून आमच्या मास्तरांनी स्वतःपुरतं पाणी उकळून घेतलं, ते योग्यच केलं. पण वाळूकडून काम करून घ्यायची ही रीत माझ्या खारपाणपट्ट्यातल्या आजीला मिळाली असती तर तिने तिची पूजा केली असती. आमच्या मातीत कितीही खणलं तरी मीठच पाझरतं.

ती बाई फारसं मराठी बोलत नव्हती. गाईडने तिचं बोलणं सांगितलं तेव्हा नाल्याचा सगळा कायदा कळला. सर्वांत वर झिरे. त्याच्या खाली माणसांचं न्हाणं आणि पोरांचं पोहणं. त्याच्या खाली गुरं. आणि शेवटी धुणी. पाणी वरून खाली जातं, म्हणून घाण करणारा नेहमी खालच्या अंगाला. हे कुठे लिहिलेलं नाही, पण चार वर्षांचं पोरही ते मोडत नाही. आम्हाला जागा मिळाली झिऱ्यांच्या खाली, गुरांच्या वर. एकीने केसांना तेल लावलं होतं, तिने ते आधी लांब बादलीतल्या पाण्याने धुतलं.

मग गाईडने बांबू घेतला. पंधरा-सोळा फुटांचा, त्यावर दर हातावर कोयत्याने खाच केलेली. तो काठाकाठाने फिरत प्रत्येक ठिकाणी बांबू तळाला टेकवून बघत होता. इथे कमरेएवढं, इथे छातीएवढं, इथे बांबूच बुडाला. त्याने काठावरच्या फांद्यांना चिंध्या बांधून खोल भागाची खूण केली. एका जागी तो बराच वेळ थांबला. कातळात तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा एक गोल खळगा होता, पाण्याखाली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे बघायला लोक जातात, त्याच जातीचा. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगर फिरून कातळ खरवडतात आणि शेकडो वर्षांत असा रांजण तयार होतो. बाहेरून बघायला तो सुंदर असतो, पण आत पाय घसरला तर गुळगुळीत भिंतीला धरायला काही मिळत नाही. त्या बाजूला त्याने आडवी दोरी लावली. "उडी माराची नाई," त्याने सगळ्यांना बजावलं. "डोक्याकून तं नाईच नाई. मागच्या साली जिथं रेती होती, तिथं अवंदा धोंडा असते." पुराने तळ दरवर्षी बदलतो, त्यामुळे जुनी ओळख चालत नाही, हे त्याचं म्हणणं मी गाठीशी बांधलं. दरवर्षी होणाऱ्या कितीतरी बुडण्याच्या बातम्यांमागे 'मला ही जागा माहीत आहे' हा एवढाच विश्वास असतो.

तरणतलावात पोहणं आणि डोहात उतरणं यात फार फरक आहे. तलावात तळाच्या फरशा दिसतात, काठाला दांडी असते. इथे मी कातळावर बसून पाय सोडले. वरचं वीतभर पाणी उन्हाने कोमट झालेलं, आणि त्याखाली, जणू रेघ मारावी तसं, एकदम गार. पोटऱ्यांना कळ आली. साचलेल्या खोल पाण्यात ऊन खालपर्यंत पोचत नाही, म्हणून असे थर होतात, आणि अचानक खोल गेलेल्याचा श्वास अडकतो तो यामुळेच. मी सलवार-कुर्त्यावर होते, कंबरेला हवा भरलेली ट्यूब बांधलेली. मिनिटभर तशीच बसून राहिले. मग पुढे सरकले आणि पाय तळापासून सुटले.

पहिलं जाणवलं ते पाण्याचं वजन. क्लोरीनचा वास नाही, डोळ्यांची आग नाही. पाण्याला वास होता तो भिजल्या दगडाचा आणि अर्जुनाच्या सालीचा. बोटभर मासोळ्या येऊन टाचांना चिमटे काढायला लागल्या तेव्हा आमच्यातली एक किंचाळली आणि काठावरच्या कोरकू पोरी पोट धरून हसल्या. थोड्या वेळाने त्याच पोरी कपड्यांसकट पाण्यात आल्या. त्या कुणाच्या तुकडीत शिकलेल्या नव्हत्या. हात आडवे, मान वर, कुत्र्यासारखं पोहणं, पण दम असा की आम्हा तिघींना पुरून उरल्या. त्यातल्या एकीने मला खुणेने सांगितलं, उताणी हो. मी झाले. कान पाण्याखाली गेले आणि जगातला सगळा आवाज थांबला. वर अर्जुनाच्या पांढऱ्या फांद्या, त्यातून आभाळ. दर्यापूरच्या त्या काठावर धुणं धुणाऱ्या मुलीला इथे यायला चाळीस वर्षं लागली. मला रडू आलं, आणि पाण्यात ते कुणाला दिसलं नाही याचं बरं वाटलं.

तासाभराने गाईडने सगळ्यांना बाहेर काढलं. ओठ निळे पडायच्या आत निघायचं, आणि दमल्यावर 'अजून एक फेरी' नाही.

रात्री शेकोटी नव्हती. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंतचा काळ वणव्याचा हंगाम धरतात आणि जंगलालगत उघड्यावर आग पेटवायला बंदी असते. सागाची वाळलेली पानं कागदासारखी पेटतात. मोहाची फुलं वेचायला जमीन साफ दिसावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, आणि तिथूनही अनेक वणवे सुटतात. त्याच मोहाच्या वासाने अस्वलं गावाजवळ येतात. वाघापेक्षा गाईडला भीती होती ती अस्वलाची. वाघ माणसाला टाळतो, पण अस्वल दचकलं की थेट अंगावर येतं. रात्री तंबूबाहेर जायचं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, बोलत बोलत जायचं. आम्ही अंधारात बसून राहिलो. दूर कुठेतरी ढोल वाजत होता. होळी आठवड्यावर आली होती, आणि कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळीच. त्या दिवसांत वाटेवर गाडी अडवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. तो हसत द्यावा.

चौथ्या दिवशी उजाडल्यावर रानपिंगळा दिसला. हे घुबड दिवसाढवळ्या हिंडतं. शंभरहून अधिक वर्षं त्याचा पत्ता नव्हता, नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं, आणि नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं दिसून आलं. सागाच्या निष्पर्ण फांदीवर, मुठीएवढा, मान फिरवत तो आमच्याकडे बघत होता. मास्तरांनी दुर्बीण छोट्याच्या हातात दिली आणि स्वतः नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.

अशा सहलीला कोणी निघणार असेल तर माझ्या अनुभवाचं सांगते. फेब्रुवारी-मार्च हा डोहांसाठी सर्वांत चांगला काळ. पाणी निवळलेलं असतं, ओढ नसते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटकांना बंद असतं, आणि जंगलातले नाले वर कुठे पाऊस झाला तर घटकेत फुगतात, तेव्हा पोहण्याचा विचारही करू नये. सेमाडोह, कोलकास, शहानूर इथल्या वन विभागाच्या निवासाची नोंदणी आधी करावी लागते. गावात राहायचं तर गावाला विचारून, स्थानिक गाईड घेऊन आणि त्याचे पैसे न घासता देऊन. दर पोहणाऱ्यामागे पाण्यात न उतरणारा एक जण काठावर, असा हिशेब ठेवावा. दोरी, ट्यूब, जुनी, पण पकड असलेली चप्पल, कोरडे कपडे. साबण, शांपू, तेल घरी. दवाखाना लांब आहे आणि मोबाइलला रेंज नाही, हे नक्की धरून चालावं. अकोला मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे, आणि २०२२ पासून अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू आहे. पूर्वी हीच वाट मीटरगेजने अकोट, वान रोड, धूळघाट करत खांडव्यापर्यंत जायची. धूळघाटला रूळ स्वतःलाच वळसा घालून वर चढायचे आणि आम्ही पोरं खिडकीतून आपल्याच गाडीची शेपटी शोधायचो. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. जंगलातून ब्रॉडगेज नको, मार्ग बाहेरून न्या, ही मागणी वन्यजीवांच्या दृष्टीने बरोबर होती असं मला वाटतं, गाडीची आठवण कितीही येत असली तरी.

निघताना मी डोहावर जाऊन आले. बाईचं पाणी भरून झालं होतं. तिने झिऱ्यावर पळसाची पानं अंथरली, दगड ठेवला, हंडा डोक्यावर घेतला आणि चढाला लागली.

परतीच्या वाटेवर मंडळी अकोल्याला गेली, मी अंजनगावला उतरून माहेरी गेले. तिकडच्या गावांना आता शहानूर धरणाचं पाणी नळाने येतं, जसं अकोट-तेल्हाऱ्याकडे वानच्या धरणाचं पाणी ८४ खेडी योजनेतून जातं. म्हणजे त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावरचं पाणी. ते रोज येत नाही. त्या संध्याकाळी आलं होतं. भावजय हंडे मांडत होती. मी पिशवी ओट्यावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि पहिला हंडा नळाखाली धरायच्या आधी हाताने नीट विसळून घेतला.